सैनिकाची शपथ आणि सत्तेची वदीअत



पवित्र कुरआनातील सूरह कसस आपण अनेकदा ऐकली आहे. हजरत मूसा (अ.) यांच्या मातेने आपले तान्हे बाळ नदीत सोडले, फिरऔनच्या घरच्यांनी ते उचलले, हा प्रसंग मुलांनाही ठाऊक असतो. मात्र त्या प्रसंगाच्या ओघात, आठव्या आयतीत, एक शब्द येऊन जातो आणि वाचणारा सहसा तेथे थांबत नाही. अपराधी कोण होते हे सांगताना कुरआन फिरऔनचे नाव घेतो, त्याचा मंत्री हामान याचे नाव घेतो आणि त्याच दमात त्या दोघांच्या सैन्याचाही उल्लेख करतो. पुढे चाळिसाव्या आयतीत फिरऔनची पकड होते तेव्हाही तो एकटा नसतो. त्याचे सैन्य त्याच्यासोबत समुद्रात फेकले जाते.

त्या सैनिकाने ईश्वरत्वाचा दावा केला नव्हता. बालकांच्या हत्येचे धोरण त्याने ठरवले नव्हते. तो हुकमाचा ताबेदार होता, महिन्याचा शिधा घेत होता आणि त्याच्याही घरी लेकरे असतील. तरीसुद्धा अपराध्यांच्या यादीतून तो सुटला नाही. सूरह अहजाबच्या सदुसष्टाव्या आयतीत नरकवासी आपली बाजू मांडतात की आम्ही आमच्या सरदारांचे आणि वडीलधाऱ्यांचे ऐकले व त्यांनी आम्हाला वाटेवरून दूर नेले. ही सबब त्यांच्या उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर इस्लामने शिस्तीवर आणि आज्ञापालनावर जितका भर दिला आहे तितका क्वचितच कोठे दिसेल. सूरह निसाच्या एकोणसाठाव्या आयतीत अल्लाह, प्रेषित आणि अधिकारपदावरील लोक यांच्या आज्ञापालनाचा आदेश आहे. एखादा हबशी गुलाम तुमच्यावर नेमला गेला तरी त्याचे ऐका, असे प्रेषितांनी (स.) बजावले. ज्या समाजात कोणी कोणाचे ऐकत नाही त्या समाजात दुर्बलाचे घर सर्वांत आधी लुटले जाते, हे शरीअत जाणून आहे. मग मर्यादा कोठे? आमच्या मदरशातील उस्ताद या आयतीपाशी व्याकरणाकडे लक्ष वेधत असत. आज्ञापालनाचे क्रियापद अल्लाहसाठी आले, प्रेषितांसाठी पुन्हा आले, परंतु अधिकाऱ्यांसाठी ते तिसऱ्यांदा आले नाही. त्यांची आज्ञा स्वतःच्या बळावर उभी नाही. शिवाय आयत लगेच वादाची शक्यताही गृहीत धरते आणि वाद झाल्यास अल्लाह व प्रेषितांकडे वळण्यास सांगते. आणि या आयतीच्या अगदी आधीची, अठ्ठावन्नावी आयत कशाविषयी आहे? अमानती त्यांच्या मालकांना सुपूर्द करण्याविषयी. आधी सत्ताधाऱ्याला अमानतीची जाणीव, मग प्रजेला आज्ञापालनाचा आदेश. हा क्रम आपण विसरतो.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अली (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. प्रेषितांनी (स.) एक तुकडी पाठवली, तिच्यावर एक अमीर नेमला आणि त्याचे ऐकण्यास सांगितले. वाटेत तो अमीर कशावरून तरी रागावला. त्याने लाकडे गोळा करायला लावली, ती पेटवायला लावली आणि मग सैनिकांना त्या आगीत शिरण्याचा हुकूम दिला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. आगीपासून वाचण्यासाठीच तर आपण प्रेषितांकडे आलो, असे त्यांच्यातील काही जण म्हणाले. तेवढ्यात आग विझली आणि अमीराचा रागही निवळला. ही हकिकत मदीनेत पोहोचली तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की ते आत गेले असते तर त्यातून कधी बाहेर आले नसते, आज्ञापालन केवळ मारूफमध्ये, म्हणजे जे सर्वमान्य भले आहे त्यातच असते.

तो अमीर खुद्द प्रेषितांनी नेमलेला होता. त्याच्या नेमणुकीत तिळभर शंका नव्हती. तरीही त्याचा प्रत्येक हुकूम वैध ठरला नाही.

येथवर सारे सरळ आहे. हुकूम उघडच चुकीचा होता आणि हुकूम देणारा एकच होता. परंतु सैनिकासमोर दोन अमीर उभे राहिले तर? एकीकडे राजा, ज्याच्या नावाने त्याने शपथ घेतली. दुसरीकडे जनतेच्या प्रतिनिधींनी निवडलेले सरकार. दोघेही कायद्याचे कलम दाखवतात आणि दोघेही मुसलमान आहेत. हा प्रश्न कल्पनेतला नाही. इराणच्या सैनिकांसमोर तो गेल्या शतकात पुनःपुन्हा आला आणि त्याचे जे उत्तर दिले गेले त्याची किंमत त्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या मोजली.

इराणमध्ये संविधानाची चळवळ झाली आणि 30 डिसेंबर 1906 रोजी मुजफ्फरुद्दीन शाह याने संविधानावर सही केली. मजलिस, म्हणजे निवडून आलेले प्रतिनिधिगृह, अस्तित्वात आले. पुढच्या वर्षी संविधानाला जो पुरवणी कायदा जोडण्यात आला त्याचे पस्तिसावे कलम मदरशात शिकलेल्या कोणालाही चमकून थांबायला लावील. बादशाही ही अल्लाहची देणगी म्हणून राष्ट्राने बादशाहकडे सोपवलेली 'वदीअत' आहे, अशा आशयाचे ते कलम होते.

वदीअत हा फिक्हचा पारिभाषिक शब्द आहे. 'हिदाया'त त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कोणी आपली वस्तू दुसऱ्याकडे सांभाळण्यासाठी ठेवतो, ती वदीअत. सांभाळणारा तिचा मालक होत नाही. त्याने नीट सांभाळ केला आणि तरीही ती वस्तू नष्ट झाली, तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु मालकाने ती परत मागितली आणि देणे शक्य असूनही त्याने दिली नाही, तर त्या क्षणी त्याचे नाते बदलते. तो विश्वस्त राहत नाही. त्याच्यावर गासिबाचा, म्हणजे बळकावणाऱ्याचा, हुकूम लागू होतो. (कोकणातील आपले शाफई वाचक विचारतील म्हणून सांगतो, मागणीनंतर अडवून धरणाऱ्याबाबत त्यांच्या मजहबचे म्हणणेही हेच आहे.) ज्यांनी ते कलम लिहिले त्यांनी हा शब्द सजावटीसाठी वापरला असेल असे मला वाटत नाही. ज्या समाजात उलेमा बाजारपेठेतले तंटे याच शब्दांत सोडवत होते, त्या समाजाला 'वदीअत' म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मग विश्वस्ताने दाराशी ठेवलेला पहारेकरी कोणाचा राखणदार? विश्वस्ताच्या देहाचा, की त्या ठेवीचा? विश्वस्तच ठेव बळकावू लागला आणि पहारेकऱ्याने मालकावर भाला उगारला, तर 'मला यांनी नेमले' एवढे म्हणून तो सुटेल काय?

उत्तर लगेच द्यावे लागले. मुजफ्फरुद्दीनचा मुलगा मुहम्मद अली शाह गादीवर आला होता. 23 जून 1908 रोजी त्याच्या हुकमाने कझाक ब्रिगेडने मजलिसच्या इमारतीवर तोफा डागल्या. ब्रिगेडचा प्रमुख लियाखोव्ह हा रशियन अधिकारी होता. तोफांपाशी उभे असलेले शिपाई मात्र बहुतांशी इराणी होते. नजफच्या ज्येष्ठ उलेमांपैकी आखुंद खुरासानी, मिर्झा हुसैन तेहरानी आणि अब्दुल्लाह माझंदरानी यांनी संविधानाची बाजू घेतली. नाईनी यांनी 1909 मध्ये एक ग्रंथच लिहिला आणि सत्तेचे दोन प्रकार सांगितले: एक, जी देशाला व जनतेला आपली मिळकत समजते, दुसरी, जी सत्तेला सोपवलेली जबाबदारी समजते. मसलकाच्या दृष्टीने हे विद्वान आमच्यापेक्षा वेगळे होते, तरीही या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे कोणत्याही मजहबच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखे आहे. शेख फजलुल्लाह नूरी यांच्यासारखे मोठे आलिम विरुद्ध बाजूला होते, हेही नोंदवले पाहिजे. 1909 च्या जुलैत संविधानवाद्यांनी तेहरान घेतले, शाह पदच्युत झाला आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा गादीवर बसवला गेला.

तोफा डागणारी ब्रिगेड मात्र शाबूत राहिली. त्याच ब्रिगेडमधून वर आलेल्या रजा खानने 1921 मध्ये राजधानी ताब्यात घेतली आणि 1925 मध्ये तो स्वतः शाह झाला. त्याने बांधलेल्या सैन्याचे घोषवाक्य तीन शब्दांचे होते: खुदा, शाह, वतन. क्रम पाहा. वतन शाहनंतर. आणि ज्या जनतेने वदीअत सोपवली तिचा त्यात शब्दच नाही.

आता 1953 सालाकडे येऊ. डॉ. मुहम्मद मुसद्दिक यांना मजलिसने बहुमताने पंतप्रधानपदासाठी सुचवले आणि 1951 मध्ये मुहम्मद रजा शाह पहलवीने त्यांची नेमणूक केली. तेलाच्या राष्ट्रीयीकरणामुळे जनता त्यांच्या पाठीशी होती. तेलाची ती कहाणी आपल्या वाचकांना परिचित आहे. तिच्यामागे एक दुसरा वाद चालू होता, तो सैन्याचा. पुरवणी कायद्याच्या पन्नासाव्या कलमाने सर्व सेनांचे सर्वोच्च अधिपत्य शाहला दिले होते. परंतु त्याच कायद्याने शाहला जबाबदारीतून मुक्त ठेवून मंत्र्यांना मजलिससमोर जबाबदार धरले होते. जो जबाबदार नाही तो हुकूम कसा देणार, आणि ज्याला हुकूम देता येत नाही त्याला जाब कसा विचारणार? मुसद्दिक यांनी 1952 च्या जुलैत युद्धखाते आपल्याकडे मागितले. शाहने नकार दिला. त्यांनी राजीनामा दिला. आयतुल्लाह काशानी यांनी जनतेला रस्त्यावर येण्याचे आवाहन केले, 21 जुलै रोजी सैन्याने गोळीबार केला, माणसे मारली गेली आणि अखेर शाहला मुसद्दिक यांना परत बोलवावे लागले. युद्धखाते त्यांच्याकडे आले. सैनिकाच्या मनातले घोषवाक्य मात्र तेच राहिले.

मुसद्दिक निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी सहा महिन्यांसाठी विशेष अधिकार घेतले आणि मग आणखी वर्षभरासाठी वाढवून घेतले. मजलिस विसर्जित करण्यासाठी 1953 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जो जनमत कौल घेतला त्यात होकार आणि नकार यांसाठी वेगवेगळी केंद्रे होती. मतदाराचे गुपित राहिलेच नाही. काशानी तोवर त्यांच्यापासून दूर गेले होते. ज्या मजलिसच्या विश्वासावर त्यांची सत्ता उभी होती तीच त्यांनी दूर सारली, आणि शाहच्या बाजूचे लोक म्हणू लागले की मजलिस नाही तर पंतप्रधानाला काढण्याचा अधिकार शाहचाच. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. मंत्र्यांची नेमणूक व बडतर्फी शाहच्या फर्मानाने होईल, असे एक कलम होते. परंतु शाहचे फर्मान जबाबदार मंत्र्याची सही झाल्यावरच अमलात येईल, असेही एक कलम होते. आणि तिसरे कलम तर असे होते की कोणत्याही मंत्र्याला शाहच्या तोंडी वा लेखी हुकमाची सबब सांगून स्वतःची जबाबदारी झटकता येणार नाही. सूरह अहजाबची ती आयत आठवते ना?

16 ऑगस्ट 1953 च्या पहाटेपूर्वी, ऐन मध्यरात्रीनंतर, शाही रक्षकदलाचा प्रमुख कर्नल नेमतुल्लाह नसीरी सशस्त्र शिपाई घेऊन मुसद्दिक यांच्या घरी आला. त्याच्या हाती बडतर्फीचे फर्मान होते. त्यावर कोणत्याही मंत्र्याची सही नव्हती. मुसद्दिक यांनी फर्मान पोहोचल्याची पावती दिली आणि पहारेकऱ्यांनी नसीरीला अटक केली. सेनाप्रमुख जनरल तकी रियाही सरकारच्या बाजूने राहिले. शाह कॅस्पियन समुद्राकाठाहून विमानाने बगदादला आणि तेथून रोमला गेला. तीन दिवसांनी, 19 ऑगस्टला, पारडे फिरले. जमाव, पाठोपाठ सैन्याच्या तुकड्या आणि रणगाडे रस्त्यावर आले. मुसद्दिक यांच्या घराच्या पहाऱ्यावर असलेल्या कर्नल मुमताज यांच्या तुकडीने काही तास ते घर राखले, पण रणगाड्यांपुढे टिकाव लागला नाही. जनरल फजलुल्लाह जाहेदी पंतप्रधान झाला.

या सर्वामागे अमेरिकेच्या व ब्रिटनच्या गुप्तहेर संस्था होत्या, आणि अमेरिकी संस्थेने 2013 मध्ये खुल्या केलेल्या कागदांत आपला हात मान्यही केला आहे. परकीयांना दोष देऊन मोकळे होण्याची आम्हा मुसलमानांना सवय आहे. दोष त्यांचा आहेच. पण रणगाडे चालवणारे हात इराणी होते, आणि बहुधा त्यांतील अनेकांनी त्या सकाळी फज्रची नमाजही पढली असेल.

नसीरी आणि मुमताज या दोघा कर्नलांकडे पाहा. एकच देश, एकच सैन्य, एकच हुद्दा, एकच घोषवाक्य. एकाने शपथेचा अर्थ 'शाह सांगेल ते' असा लावला. दुसऱ्याने वैध सरकारच्या दाराशी नेमलेला पहारा सोडला नाही. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा; मी फिक्हचा विद्यार्थी म्हणून एवढेच विचारतो की ज्या फर्मानाला रात्रीचा अंधार, सशस्त्र शिपाई आणि परदेशी पैसा लागतो, ते मारूफ कसे? जे सर्वांना ठाऊक व मान्य असते ते मारूफ; शब्दाच्या मुळातच ओळख आहे.

येथे मराठीचा विद्यार्थी म्हणूनही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भाषेत सैनिकाच्या निष्ठेसाठी सर्वांत जिव्हाळ्याचा वाक्प्रचार आहे 'खाल्ल्या मिठाला जागणे'. उलट वागणारा तो नमकहराम. हे मूल्य मोठे आहे, इस्लामलाही प्रिय आहे. उपकार विसरणाऱ्याला कुरआन ठायी ठायी फटकारतो. पण मीठ कोणाचे, हे विचारल्याशिवाय मिठाला जागता येत नाही. इराणी शिपायाचा पगार शाहच्या खिशातून येत नव्हता. तो राज्याच्या तिजोरीतून येत होता, तिजोरीत शेतकऱ्याचा कर आणि तेलाचे उत्पन्न होते, आणि तिचे अंदाजपत्रक मजलिसने मंजूर करायचे होते. ते मीठ शाहदेखील खात होता. हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाले तेव्हा त्यांनाही बैतुलमालमधून निर्वाहापुरते वेतन ठरवून दिले गेले आणि मृत्यूसमयी त्यांनी ते परत करण्याची वसीयत केली. पहिल्याच खुतब्यात त्यांनी लोकांना सांगितले होते की मी नीट वागलो तर साथ द्या, वाकडा गेलो तर सरळ करा, आणि माझे आज्ञापालन मी अल्लाह व प्रेषितांच्या आज्ञेत असेपर्यंतच. हा राजा नव्हता, विश्वस्त होता.

कोणी म्हणेल, राजाशी निष्ठा ठेवल्याने लोकशाही वाचल्याचेही उदाहरण आहे. आहे. स्पेनमध्ये 23 फेब्रुवारी 1981 रोजी लेफ्टनंट कर्नल तेजेरो सशस्त्र शिपायांसह संसदेत घुसला, प्रतिनिधींना ओलीस धरले, वॅलेन्सियात रणगाडे बाहेर आले. राजा हुआन कार्लोस मध्यरात्रीनंतर लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आला, त्याने संविधानाची बाजू घेतली आणि सेनापतींनी त्याचे ऐकले. बंड फसले. स्पेनच्या संविधानातही सेनेचे सर्वोच्च अधिपत्य राजाकडेच होते. म्हणजे कलम तेच, माणूस वेगळा. विश्वस्त प्रामाणिक निघाला, ठेव वाचली. परंतु त्या रात्री किती जण श्वास रोखून 'राजा काय म्हणतो' याची वाट पाहत होते! एका माणसाच्या नियतीवर एवढे ओझे टाकणे, हे मला त्या बंडाइतकेच भयावह वाटते.

आपल्या भागातील अनेक घरांत सैन्याची परंपरा आहे. भरतीसाठी पहाटे धावणारी मुले जुम्याच्या नमाजनंतर कधी कधी विचारतात, "मौलाना, शपथ कुरआनवर घेतली की मग साहेब म्हणेल ते करायचेच ना?" त्यांना मी प्रथम हे सांगतो की आपल्या देशाच्या सैनिकाची शपथ व्यक्तीच्या नावाची नाही. इंग्रजांच्या काळात ती बादशाहच्या नावाची होती. 1945 मध्ये लाल किल्ल्यातील खटल्यात कॅप्टन शाहनवाज खान यांच्यावर बादशाहविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता, आणि बादशाह की देश या प्रश्नात आपण देश निवडला असे त्यांनी न्यायासनासमोर सांगितले. त्यांची बाजू मुंबईचे भुलाभाई देसाई यांनी मांडली. 1950 पासून आपला सैनिक संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो, राष्ट्रपती व वरिष्ठांचे हुकूम प्राणाची पर्वा न करता पाळण्याचे वचन देतो. यात संविधान आधी येते. अशी शपथ पाळणे हे अहद पाळणे आहे आणि अहदबद्दल कयामतीला विचारणा होईल.

त्याचबरोबर त्या मुलांना हेही सांगतो की आगीच्या हदीसचा आधार घेऊन प्रत्येक हुकमावर वाद घालणारा शिपाई मारूफचा नव्हे, नफ्सचा अनुयायी असतो. थंडीत पहारा नको वाटतो, अधिकारी उद्धट आहे, धोरण पटत नाही, हे आगीत शिरणे नव्हे. खवारिजांनी आपल्या मताला अल्लाहचा निर्णय समजून हजरत अलींविरुद्ध (रजि.) तलवार उपसली. शंकेच्या जागी शिस्तच पाळायची. नकाराची वेळ येते ती निःशस्त्रावर, न्यायासनावर किंवा लोकांनी निवडलेल्या सभागृहावर शस्त्र रोखायला सांगितले जाते तेव्हा. आणि तो नकारही शस्त्र खाली ठेवून द्यायचा असतो, सत्ता आपल्या हाती घेऊन नव्हे. सैनिकाने राजाला हटवून स्वतः गादीवर बसणे ही वदीअतीची दुसरी चोरी आहे. रजा खानने तेच केले.

एकाने पुढे विचारले, "आणि शपथ घेतल्यावर तसा हुकूम आला तर? शपथ मोडल्याचे पाप?" त्याला सांगितले की शपथेने हराम गोष्ट हलाल होत नाही. शपथेपेक्षा अधिक भले दिसले तर भले ते करावे आणि शपथेचा कफ्फारा द्यावा, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. कफ्फारा सूरह माइदाच्या एकोणनव्वदाव्या आयतीत आहे: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे देणे अथवा एक गुलाम मुक्त करणे, ते न जमल्यास तीन दिवसांचे रोजे.

मुसद्दिक यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, तीन वर्षांची कैद झाली आणि नंतर अहमदाबाद गावातील स्वतःच्या घरात नजरकैद. 1952 च्या गोळीबारात मेलेल्यांच्या शेजारी आपल्याला दफन करावे ही त्यांची इच्छा शाहने मान्य केली नाही. 5 मार्च 1967 रोजी ते वारले तेव्हा त्यांना त्याच घरातील खोलीच्या जमिनीखाली पुरण्यात आले. नसीरी पुढे जनरल झाला, अनेक वर्षे सावाक या गुप्त पोलीस यंत्रणेचा प्रमुख राहिला, आणि 1978 मध्ये शाहने स्वतःला वाचवण्यासाठी त्यालाच तुरुंगात टाकले. 11 फेब्रुवारी 1979 रोजी सैन्याच्या वरिष्ठांनी तटस्थता जाहीर केली. शाह त्याआधीच देश सोडून गेला होता. काही दिवसांतच तेहरानमधील एका शाळेच्या छतावर नसीरीला गोळ्या घालण्यात आल्या. ज्याच्यासाठी त्याने त्या रात्री फर्मान नेले होते, तो तेव्हा परदेशात आसरा शोधत होता.